फोडाखालची कातडी

मंगरूळपीरला मोठ्या भांड्यातला स्वयंपाक नवा नाही. बिरबलनाथ महाराजांच्या यात्रेचा महाप्रसाद असो, दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावरचा उरूस असो, की लग्नसराईतल्या पंगती, कुठे ना कुठे कढईत तेल तापलेलं असतं आणि वरणाचा गंज दोघं मिळून उतरवत असतात. घरातला चटका याहून साधा: चहाचं पातेलं, कुकरची वाफ, लेकराच्या अंगावर सांडलेलं आंघोळीचं कढत पाणी. भाजलं की थोड्या वेळात कातडीवर पाणी भरलेला फोड येतो, आणि फोडाबरोबर घरात दोन मतं उभी राहतात. एक म्हणतं, घरचं दुखणं घरीच बरं होतं. दुसरं म्हणतं, दवाखाना गाठा. ही दोन मतं मी इथे दोन बायकांच्या तोंडी घातली आहेत. काकूंचा जन्म पंगतींचा स्वयंपाक करण्यात गेला. सिस्टर ग्रामीण रुग्णालयात मलमपट्टी करतात. दोघी कल्पित आहेत, पण त्यांचे मुद्दे गावोगावी रोज बोलले जातात. माझं मत आधीच सांगतो. घर की दवाखाना, हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. फोडाखालची कातडी किती खोल भाजली आहे हा खरा प्रश्न आहे, आणि आपले बहुतेक घरगुती उपाय नेमकं तेच झाकून टाकतात.

“सिस्टर, मले एक सांगा,” काकू म्हणतात. “तेलाचा शितोडा उडाला, फोड आला, हळद लावली, आठ दिवसांत गेला. असे कितीक फोड या हातावर येऊन गेले. दवाखाना काई पाहिला नाई. मंग तुम्ही काहून म्हनता, हे लावू नका, ते लावू नका? कनीक लावली तं थंड पडते. टूथपेस्ट लावली तं गार वाटते. कोनी शाई लावते, कोनी बटाटा किसून बांधते. सगळ्याइचंच बरं होते ना?”

“सगळ्यांचंच बरं होतं, काकू, हाच तर मुद्दा आहे,” सिस्टर म्हणतात. “हळदीनं झालं, शाईनं झालं, कणकेनं झालं. मग काहीच न लावता झालं नसतं कशावरून?”

सिस्टरचा हा प्रश्न वरवर साधा वाटतो, पण सगळा वाद त्यावरच उभा आहे. कातडीचे दोन थर असतात. वरचा पातळ, खालचा जाड; आणि रक्तवाहिन्या, संवेदनेच्या नसा, घामाच्या ग्रंथी, केसांची मुळं हा सगळा संसार खालच्या थरात. उष्णतेनं वरचा थर खालच्यापासून सुटतो, मधल्या फटीत रक्तातलं पाणी झिरपतं, तो फोड. खालच्या थराचा वरवरचाच भाग भाजला असेल, तर केसांच्या मुळांशी आणि घामाच्या ग्रंथींशी वाचलेल्या पेशी पसरत जातात आणि दोन-तीन आठवड्यांच्या आत नवी कातडी धरते. छोटा शितोडा असेल तर त्याहून लवकर. हे शरीर आपण होऊन करतं, आणि त्या दिवसांत जे काही वर लावलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. उपाय खरा की नुसता सोबतीला होता, हे ओळखायचा एकच मार्ग आहे: सारख्याच भाजलेल्या माणसांचे दोन गट करायचे, एकाला एक उपाय, दुसऱ्याला दुसरा, आणि दिवस मोजायचे.

असं काम महाराष्ट्रात झालेलं आहे, आणि तेही घरातल्याच वस्तूंवर. मुंबईत डॉ. एम. एच. केसवानी यांनी १९८५ मध्ये उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी भाजलेल्या जखमांवर वापरल्याचा अनुभव मांडला. महागड्या पट्ट्या परवडत नाहीत अशा देशात जखम ओलसर आणि झाकलेली ठेवायची, हा त्यामागचा विचार. सोलापूरचे शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ मध्ये मध आणि दवाखान्यात सर्रास वापरलं जाणारं सिल्व्हर सल्फाडायझिनचं पांढरं मलम यांची तुलना १०४ रुग्णांवर केली, आणि मध सरस ठरला. पुढे १९९६ मध्ये त्यांनी मध आणि बटाट्याची साल समोरासमोर ठेवली: मधाच्या गटात जखमा सरासरी १०.४ दिवसांत भरल्या, सालीच्या गटात १६.२ दिवसांत. मुंबईच्या शीव रुग्णालयात २००० साली त्वचापेढी उभी करणाऱ्या डॉ. माधुरी गोरे यांनी २००३ मध्ये केळीच्या पानाची पट्टी तपासली. ती बटाट्याच्या सालीइतकीच गुणाची आणि तिच्याहून कितीतरी स्वस्त निघाली. घरच्या वस्तूंना दवाखान्यानं हसण्यावारी नेलं, असं म्हणायची सोय या माणसांनी ठेवलेली नाही.

“मंग झालं की!” काकू म्हणतात. “मध हाय, केयीचं पान हाय. तुमच्याच डॉक्टरांनी सांगितलं. आता घरीच लावतो.”

इथे घाई करून चालणार नाही. त्या प्रयोगांतलं केळीचं पान अंगणातून तोडून सरळ हातावर ठेवलेलं नव्हतं. ते पट्टीवर चिकटवून, दाबाच्या वाफेत निर्जंतुक केलेलं होतं. मध जखम धुतल्यावर आणि स्वच्छ गॉजखाली लावलेला होता, आणि पट्टी उघडून जखम वेळोवेळी पाहणारा माणूस तिथे होता. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, पट्टी बांधण्याआधी कुणीतरी ठरवलेलं होतं की ही जखम वरवरची आहे. अनेक देशांतले प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन आढाव्यानं २०१५ मध्ये मधाच्या बाजूनं कौल दिला, नेहमीच्या पट्ट्यांपेक्षा चार-पाच दिवस लवकर गुण येतो म्हणून. पण तो कौल याच जातीच्या जखमांपुरता आहे. थोडक्यात, सोलापूर-मुंबईच्या डॉक्टरांनी वस्तू स्वयंपाकघरातून घेतली, पण शिस्त दवाखान्याची लावली. आपण वस्तू तेवढी उचलतो. कणकेत, शेणात, किसलेल्या कच्च्या बटाट्यात जंतू असतात, आणि भाजलेली कातडी जंतूंना अडवू शकत नाही. हळद आणि शाई रंग चढवतात, मग जखम गुलाबी आहे की पांढरी हे पाहणाऱ्याला कळत नाही. टूथपेस्ट वाळून चिकटते आणि काढताना फोडाचं छत घेऊन निघते. तूप-तेल ताज्या भाजण्यावर उष्णता आत धरून ठेवतं.

मग आधी काय करायचं? पाणी. वाहतं, गार, आणि वीस मिनिटं. आचेवरून हात काढला तरी तापलेल्या कातडीतली उष्णता आणखी आत उतरत राहते. ती बाहेर ओढायची, हे पाण्याचं काम. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये भाजलेल्या २४९५ मुलांच्या नोंदी तपासून २०२० साली एक अभ्यास छापला गेला. ज्यांना वीस मिनिटं वाहत्या गार पाण्याखाली धरलं होतं, त्यांच्यात कातडी दुसरीकडून काढून लावावी लागण्याची शक्यता ४० टक्क्यांहून जास्त कमी झालेली दिसली. भाजल्यापासून तीन तासांपर्यंत या पाण्याचा उपयोग होतो, त्यामुळे उशीर झाला म्हणून सोडून देऊ नये. बर्फ नको, तो लावला की रक्तवाहिन्या आकसतात आणि भाजलेल्या कातडीला वर गारठ्याचीही इजा होते. पाणी सुरू असतानाच बांगड्या, अंगठी, जोडवी, करदोरा काढून घ्यावा, कारण सूज चढल्यावर ते निघत नाहीत आणि बोटाचा रक्तपुरवठा आवळतो. कातडीला चिकटलेला कपडा मात्र ओढायचा नाही.

“वीस मिनिटं वाहतं पानी!” काकूंचा आवाज चढतो. “बाप्पा, उन्हायात कई टँकर येते, कई नळ येते, आन तुम्ही म्हनता हातावर वीस मिनिटं पानी सोडा. आन ते छतावरच्या टाकीतलं पानी मे महिन्यात हात लावू देत नाई.”

हा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो, कारण तो आळसातून आलेला नाही, वाशीम जिल्ह्याच्या उन्हाळ्यातून आला आहे. पण हिशेब करून पाहावा. मगानं बारीक धार सोडली तर मिनिटाला एक लिटर पुरतं. वीस मिनिटांना वीस लिटर, म्हणजे एक बादली. खाली टोपलं ठेवलं तर ते पाणी धुण्याला, झाडाला जातं. तेवढंही नसेल तर स्वच्छ सुती फडकं गार पाण्यात बुडवून ठेवायचं आणि दर मिनिट-दोन मिनिटांनी पुन्हा बुडवायचं. धारेइतकं ते गुणाचं नाही, पण कणकेपेक्षा शतपटीनं बरं. आणि छतावरच्या काळ्या टाकीचं पाणी तापलेलं असेल तर काकूंचं म्हणणं खरंच आहे, ते वापरू नये. माठातलं, रांजणातलं पाणी घ्यावं. पंधरा अंशांच्या आसपासचं पाणी उत्तम मानतात, पण पंचवीस अंशांपर्यंतचं चालतं. लहान लेकरू असेल तर भाजलेला भाग तेवढा गार करायचा आणि बाकीचं अंग पांघरुणात ठेवायचं, कारण लेकरं चटकन गारठतात.

काकूंकडे आणखी एक आधार आहे: जुन्या माणसांचा. भाजल्यावर गार पाणी लावू नये, उलट विस्तवाजवळ धरून शेक द्यावा, असं अनेक घरांत सांगतात, आणि त्याचं मूळ सुश्रुतसंहितेपर्यंत जातं. तिच्या सूत्रस्थानातल्या एका अध्यायात भाजण्याचे चार प्रकार दिले आहेत: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध आणि अतिदग्ध. त्यांतल्या पहिल्या, सर्वांत सौम्य प्रकाराला उष्ण उपचार सांगितला आहे. शेकाच्या बाबतीत आज जमा झालेला पुरावा सुश्रुताच्या विरुद्ध जातो, आणि ते आदर ठेवूनच म्हणावं लागतं. पण त्याच अध्यायाची खरी थोरवी त्या चार प्रकारांत आहे. फोड उठतात आणि असह्य आग होते ते दुर्दग्ध, त्याहून खोल ते पुढचे दोन, आणि प्रत्येकाचा उपचार वेगळा. आधी खोली ओळखा, मग औषध ठरवा, ही शिकवण आपण विसरलो आणि शेक तेवढा लक्षात ठेवला.

“बरं, पानी घातलं,” काकू म्हणतात. “आता फोड. तो टम्म फुगते, ठसठसते. सुई तापवून टोचला का पानी निघून जाते, हलकं वाटते. तुम्ही म्हनता फोडू नका. पन तुमचेच डॉक्टर कैची घेऊन अख्खा फोड कापून टाकतात, हे मी या डोयानं पाहिलं हाय. मंग मी टोचला तं काय बिघडलं?”

काकूंनी पाहिलं ते खरं आहे, आणि फोड कापावा की ठेवावा यावर डॉक्टरांतही एकमत नाही. एका बाजूचं म्हणणं असं की फोडाचं छत ही शरीरानं स्वतः बांधलेली पट्टी आहे. ती शाबूत असली की दुखणं कमी राहतं आणि जंतूंना वाट मिळत नाही. दुसरी बाजू म्हणते की आतलं पाणी जखम भरायला पोषकच असतं असं नाही, आणि मोठा, ताणलेला फोड आज ना उद्या फुटणारच. शिवाय छत काढल्याशिवाय तळ दिसत नाही आणि तळ दिसल्याशिवाय खोली कळत नाही. ब्रिटनमधल्या भाजणे-उपचारतज्ज्ञांचा कल याच बाजूला आहे: छोटे, सैल फोड राहू द्यावेत, मोठे, ताणलेले, सांध्यावरचे फोड उघडावेत. मला दुसऱ्या बाजूचा शेवटचा मुद्दा पटतो, आणि म्हणूनच घरी फोड टोचू नये असं मी म्हणतो. दवाखान्यात फोड उघडतात तो तळ पाहण्यासाठी, आणि पाहून झाल्यावर त्यावर लगेच न चिकटणारी निर्जंतुक पट्टी बसते. घरी टोचणाऱ्याचा हेतू हलकं वाटावं इतकाच असतो: तळ दिसत नाही, पट्टी बसत नाही, आणि जंतूंना मात्र भोक मिळतं. सुईच्या जागी बाभळीचा काटा असेल तर बोलायलाच नको. आपोआप फुटलाच, तर साबण आणि स्वच्छ पाण्यानं हलक्या हातानं धुवावं, लोंबणारी कातडी ओढू नये, वर व्हॅसलिनचा पातळ थर द्यावा आणि स्वच्छ पट्टी सैल बांधावी. कापूस थेट लावू नये, त्याचे तंतू जखमेत रुततात. दुखण्याला पॅरासिटामॉल पुरतं.

“न फुटलेला फोड घरीच ठेवता येतो का, सिस्टर? का प्रत्येक चटक्याले गाडी काढायची?”

“प्रत्येक चटक्याला नाही, काकू. तेलाचा छोटासा शितोडा उडतो, तेवढ्याला पाणी आणि पट्टी पुरे. पण मला सांगा, दवाखान्यात यायचं केव्हा, हे तुम्ही कशावरून ठरवता?”

“दुखन्यावरून. लई दुखलं तं जायचं, नाई दुखलं तं कायले?”

या उत्तरात सगळा धोका साठलेला आहे. भाजण्याच्या बाबतीत दुखण्याचा अर्थ आपल्या सवयीच्या उलट लागतो. वरवरची जखम आग आग करते, कारण तिथल्या नसा जिवंत आहेत. खोल जखमेत नसाच जळून जातात, म्हणून ती शांत पडते. सिस्टर उघड्या तळावर हातमोज्याचं बोट हलकेच दाबून उचलतात. गुलाबी, ओला तळ दाबल्यावर पांढरा पडून लगेच पुन्हा गुलाबी झाला, आणि रुग्णानं हात झटकला, तर त्यांना हायसं वाटतं. तळ पांढुरका किंवा लाल-पांढरा ठिपकेदार असेल, दाबल्यावर रंग हलत नसेल, रुग्ण निवांत बसलेला असेल, तर त्या डॉक्टरांना हाक मारतात. कातडी चामड्यासारखी कडक, पांढरी, तपकिरी किंवा काळी असेल, तर ती आपण होऊन भरून येणार नाही. साठ अंशांच्या पाण्यानं अशी खोल जखम व्हायला मोठ्या माणसाला पाचेक सेकंद पुरतात. लेकराची कातडी पातळ, तिला त्याहून कमी. तळणीचं तेल तर दीडशे अंशांच्या वर असतं.

तेव्हा दुखण्याऐवजी आकार, जागा, कारण आणि माणूस पाहावा. जखमी माणसाचा स्वतःचा तळहात बोटांसकट म्हणजे त्याच्या अंगाचा साधारण १ टक्का. फोडांचा भाग त्याहून मोठा असेल तर त्याच दिवशी दाखवावं. चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग किंवा सांधा असेल, अथवा भाजणं हातापायाला कडं घातल्यासारखं चहूबाजूंनी असेल, तर आकार कितीही असो, जावं. पाच वर्षांखालचं लेकरू, म्हातारं माणूस, गरोदर बाई, यांचा फोड घरी जोखू नये. मधुमेहाच्या रुग्णाचा तर मुळीच नाही. त्याच्या पायाची संवेदना गेलेली असू शकते. वैशाखात अनवाणी देवळाच्या फरशीवरून चालला तरी तळव्याला फोड येतो आणि त्याला तो संध्याकाळी दिसतो. विजेचा धक्का वरून मसुराएवढा डाग ठेवतो, पण आतले स्नायू आणि हृदयाची लय बिघडवू शकतो. बॅटरीतलं आम्ल किंवा भिजलेला चुना उडाला तर पाणी वीस मिनिटांवर थांबवायचं नाही, दवाखान्याची वाट धरेपर्यंत घालत राहायचं. बंद खोलीत धूर नाकातोंडात गेला असेल, आवाज बसला असेल, तर कातडीवर एकही फोड नसला तरी १०८ ला फोन करावा. लेकराच्या अंगाचा १० टक्के किंवा मोठ्या माणसाचा १५ टक्के भाग भाजला, तर रक्तातलं पाणी इतकं झिरपतं की सलाइनशिवाय निभाव लागत नाही. तिथे घरगुती उपायांवर घालवलेला एकेक तास महाग पडतो.

घरी ठेवलेल्या फोडालाही मुदत असते. दोन-तीन दिवसांनी दुखणं उतरायला हवं. ते वाढलं, लाली पसरत गेली, पू किंवा वास आला, ताप चढला, तर जखम चिघळली आहे. लहान मुलात छोट्याशा भाजण्यानंतरही ताप, अंगावर पुरळ, जुलाब आणि सुस्ती दिसली, तर रात्र काढू नये. जंतूंचं विष रक्तात भिनल्याची ती खूण असू शकते. धनुर्वाताचं इंजेक्शन पाच वर्षांत झालं नसेल तर तेवढ्यासाठीही जावं.

“आन मजुरी बुडते, ते?” काकू शेवटचं अस्त्र काढतात. “खेड्यातून मंगरूळले यायचं, तिथून वाशीमले पाठवतात, तिथून अकोल्याले.”

अंतर खरंच आहे. वाशीम सुमारे ४० किलोमीटर, अकोल्याचं सर्वोपचार रुग्णालय सुमारे ७०. ते कमी करणं काकूंच्या हातात नाही, सरकारच्या हातात आहे, आणि ते मागत राहिलं पाहिजे. पण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे ग्रामीण रुग्णालयातही, केसपेपरपासून उपचारापर्यंत पैसे लागत नाहीत. आणि मजुरीचाच हिशेब करायचा, तर तो पुरा करावा. तीन आठवड्यांत न भरलेली जखम जाड वण सोडते, आणि बोटाच्या पेऱ्यावर, कोपरावर, मानेवर असा वण आकसला की सांधा वाकडा होतो. ज्या हातानं कापूस वेचायचा, त्याची मूठ उघडत नाही. पहिल्याच दिवशी बोटं सुटी ठेवून पट्टी बांधणं आणि रोज बोटं हलवत ठेवणं, एवढ्यानं यातलं बरंच टळतं. दोन आठवडे झाले आणि जखम मिटायचं लक्षण नाही, तर तिसरा आठवडा घरी काढू नये.

“मंग आमच्या तेलाले काईच जागा नाई म्हना,” काकू म्हणतात.

“आहे, काकू. जखम पूर्ण मिटून कोरडी झाली की नव्या कातडीला घामाच्या-तेलाच्या ग्रंथी पुरत्या नसतात, ती कोरडी पडते, खाजते. तेव्हा खोबरेल तेल दिवसातून दोन-तीनदा, हलक्या हातानं चोळून. उन्हात जाताना ती जागा झाका, नाहीतर डाग काळा राहतो. आणि खाज सुटली तरी नख लावू नका, तेल लावा.”

“हे जमते,” काकू म्हणतात, “पन मिटली का नाई, ते पाहाले तुमच्याकडंच येईन.”